लिहिणाऱ्याचा हात : मान्झोनीच्या कादंबरीत कोण बोलतं?

आजची कादंबरी इटलीत शाळेत नेमलेली असते. त्यामुळे तिथल्या बऱ्याच माणसांच्या मनात तिच्याबद्दल कायमची अढी बसलेली असते. परीक्षेला लावलेल्या पुस्तकाचं सगळीकडे असंच होतं. आपल्याला त्या परीक्षेला बसायचं नाही, हा आपला फायदा.

कादंबरीचं नाव 'ई प्रोमेस्सी स्पोझी', म्हणजे 'वाग्दत्त वधूवर'. लेखक अलेस्सांद्रो मान्झोनी, मिलानचा, जन्म 1785, मृत्यू 1873. पहिला खर्डा 1821 ते 1823 या काळात झाला, त्याचं नाव वेगळं होतं : 'फेर्मो ए लुचीया'. मग सगळं नव्यानं लिहून 1827 साली पहिली आवृत्ती आली. आणि पुन्हा भाषा धुऊन काढून 1840 ते 1842 या काळात, चित्रांसकट, भागाभागानं अखेरची आवृत्ती निघाली. आज वाचतात ती हीच.

गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण गोष्ट हा आजचा विषय नाही. सतराव्या शतकात मिलानवर स्पेनचं राज्य आहे. कोमो सरोवराकाठच्या एका खेड्यात रेन्झो नावाचा रेशीम कातणारा तरुण आणि लुचीया नावाची मुलगी यांचं लग्न ठरलेलं आहे. 7 नोव्हेंबर 1628 च्या संध्याकाळी गावचा पाद्री डॉन अब्बोंदियो प्रार्थनेचं पुस्तक वाचत घरी चालला आहे. वाटेत दोन भाडोत्री गुंड त्याला गाठतात आणि बजावतात, की हे लग्न लावायचं नाही. डॉन रोद्रीगो या स्थानिक सरदाराचा लुचीयावर डोळा आहे, आणि त्यानं चुलतभावाशी पैज मारलेली आहे. पाद्री घाबरतो. लग्न मोडतं, दोघं गाव सोडून पळतात, ताटातूट होते. मग दंगल, दुष्काळ, युद्ध, 1630 ची प्लेग, आणि शेवटी लग्न. हिंदी सिनेमाला पुरेल एवढा मालमसाला आहे. प्रश्न असा की हे सगळं आपल्याला सांगतंय कोण?

पुस्तक उघडलं की पहिल्यांदा भेटतो तो मान्झोनी नाहीच. भेटतो सतराव्या शतकातला एक निनावी लेखक. त्याची भाषा भयंकर अलंकारिक. इतिहास म्हणजे काळाविरुद्धचं युद्ध, वगैरे वगैरे, उपमांवर उपमा रचलेल्या. दीडेक पान असं चालतं आणि मध्येच दुसरा आवाज येतो. तो म्हणतो, की हे जुनं, पुसट झालेलं हस्तलिखित मी कष्टानं उतरवून काढतो खरा, पण ते वाचण्याचे कष्ट कोण घेणार? हस्तलिखित बाजूला ठेवावं असं त्याच्या मनात येतं. पण गोष्ट चांगली आहे, ती वाया जाऊ नये असंही वाटतं. तेव्हा घटना त्या माणसाच्या घ्यायच्या आणि भाषा आपली वापरायची, असा तो निर्णय घेतो.

आता, सापडलेलं हस्तलिखित ही युक्ती जुनीच. सेर्व्हान्तेसनं 'डॉन किहोते'मध्ये एका अरब इतिहासकाराच्या नावावर सगळी गोष्ट घातली आहे. स्कॉटनं 'आयव्हॅन्हो'साठी असंच एक हस्तलिखित कल्पिलं. मान्झोनीनं दोघांनाही वाचलेलं होतं, आणि त्याच्या वाचकांनीही. तेव्हा फसवण्याचा हेतू नाही. बहुतेक समीक्षक इथं म्हणतात, की छान, उपरोधासाठी जागा तयार झाली, आणि पुढे जातात. मीही बरीच वर्षं तसंच म्हणत आलो. पण या युक्तीमागे मान्झोनीचं स्वतःचं एक कारण आहे, आणि ते त्यानं पुस्तकाच्या आत, पार सत्ताविसाव्या प्रकरणात ठेवलेलं आहे. तिथं पोचण्याआधी थोडं मागे जावं लागेल.

या कादंबरीत लिहिलेला कागद गरिबाच्या बाजूचा जवळजवळ कधीच नसतो. एकेक प्रसंग बघा. पहिल्याच प्रकरणात गुंड दिसले रे दिसले, की निवेदक थांबतो आणि गव्हर्नरांचे जाहीरनामे उतरवायला लागतो. प्रत्येक गव्हर्नरची लांबलचक पदवी, तारीख, आणि गुंडांना हद्दपार करण्याचा कडक हुकूम. मग पुढचा गव्हर्नर, पुढचा हुकूम, आणखी कडक. दोन-तीन पानं असं चालतं. निवेदक एका शब्दानंही टीका करत नाही. तारखा पुढे सरकतात आणि गुंड आहेत तिथंच. वाचक हसायला लागतो. हे जाहीरनामे खरे आहेत बरं का, मान्झोनीनं ते शोधून काढून वापरले आहेत.

दुसऱ्या प्रकरणात रेन्झो लग्नाची वेळ विचारायला जातो, तेव्हा पाद्री त्याच्या अंगावर लॅटिन फेकतो. धर्मशास्त्रातल्या विवाहाच्या अडथळ्यांची यादी, धडाधड. रेन्झो वैतागून विचारतो, की तुमच्या या लॅटिनबिटिनचं मी काय करू? आपल्याकडे अडचणीत सापडलेला भटजी संस्कृत श्लोक म्हणायला लागतो ना, तसंच. तिसऱ्या प्रकरणात तो चार कोंबडे भेट घेऊन वकिलाकडे जातो. त्या वकिलाचं गावानं पाडलेलं नावच मुळी 'भानगडी जुळवणारा' अशा अर्थाचं. वकील त्याला एक जाहीरनामा वाचून दाखवतो, आणि रेन्झोला वाटतं, अरे, हे तर माझ्यासाठीच छापलंय! पण वकिलाचा समज असा, की हा पोरगा स्वतःच गुंड आहे आणि सुटकेची वाट शोधायला आलाय. रेन्झोच पीडित आहे आणि समोर डॉन रोद्रीगो आहे, हे कळताच तो त्याला कोंबड्यांसकट घराबाहेर काढतो. पुढे मिलानच्या खानावळीत मालक नाव लिहून घ्यायला कागद-दौत आणतो, तेव्हा झिंगलेला रेन्झो नाव सांगायला ठाम नकार देतो. शिकलेली माणसं कशी सारखी लेखणी पुढे करतात, यावर तो भाषण ठोकतो. आणि तिथंच बसलेला एक गुप्तहेर, पावाच्या चिठ्ठ्या कुटुंबागणिक वाटल्या तर किती बरं, अशी कल्पना लढवत लढवत गोडीगुलाबीनं त्याचं नाव काढून घेतो. सकाळी पोलीस दारात.

आता सत्तावीस. रेन्झो हद्दीपलीकडे बेर्गामोच्या मुलखात लपलेला आहे. लुचीयाची आई अन्येझे इकडे आहे. दोघांना एकमेकांना निरोप द्यायचा आहे. रेन्झोला छापील अक्षर वेळ घेऊन वाचता येतं, हातानं लिहिलेलं येत नाही, आणि लिहिता तर मुळीच येत नाही. अन्येझेचीही तीच गत. मग लिहून देणारा शोधायचा.

इथं निवेदक गोष्ट थांबवून अशा पत्रांचं काय होतं ते सांगतो. लिहून देणारा हा त्यांच्याच वर्गातला, पण दोन अक्षरं जास्त शिकलेला. तो ऐकतो. त्यातलं काही समजतो, काही चुकीचं समजतो, काही सुधारतो, काही ठिकाणी 'हे असं चांगलं दिसेल' म्हणून बदलतो. कारण ज्याला इतरांपेक्षा जास्त येतं, त्याला इतरांच्या हातातलं नुसतं हत्यार व्हायचं नसतं. कधी सांगायचं ते राहून जातं, तर कधी नेमकं उलटंच लिहिलं जातं. मग ते पत्र पोचतं दुसऱ्या निरक्षर माणसाकडे. तोही कुणाकडून तरी वाचून घेतो, आणि तो वाचणारा अर्थ लावतो. ऐकणारा म्हणतो, छे, असं नसेल. वाचणारा म्हणतो, असंच आहे. मग उत्तर, मग उत्तराला उत्तर. शेवटी दोघं त्या जुन्या पंडितांसारखे होतात, जे चार चार तास अ‍ॅरिस्टॉटलच्या एका पारिभाषिक शब्दावर वाद घालत बसायचे.

माझ्या लहानपणी आजीची पत्रं मी लिहायचो. ती सांगायची, "तिला लिही, गुडघे फार दुखतात, रात्री झोप नाही, पण म्हणावं तू काळजी करू नकोस." मी लिहायचो, 'माझी प्रकृती ठीक आहे' आणि खेळायला पळायचो. मावशीला वर्षानुवर्षं वाटत राहिलं असणार, की आईचं उत्तम चाललंय. हे प्रकरण वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा त्याची लाज वाटली.

रेन्झोच्या बाबतीत तर गुंता आणखी वाढतो, कारण सांगायची गोष्टच अवघड आहे. संकटातून सुटका व्हावी म्हणून लुचीयानं देवीला नवस बोलला आहे, की आता लग्न करणार नाही. अन्येझेला हे कळवायचं आहे, पण लिहून देणाऱ्यासमोर उघड बोलता येत नाही. ती पत्राबरोबर पन्नास स्कूदी पाठवते आणि गूढ भाषेत सांगते, की आता तिला विसर. त्या टोकाला रेन्झोला ना पैशाचा अर्थ लागत, ना निरोपाचा.

एवढं डोक्यात ठेवा आणि आता सदतिसाव्या प्रकरणातलं एक कंसातलं वाक्य बघा. रेन्झो प्लेगमधून वाचून भिजत भिजत परत चाललेला आहे. निवेदक जाता जाता म्हणतो, की ही हकिगत रेन्झो नंतर फार सविस्तर, जरा पाल्हाळ लावूनच सांगत असे, आणि आमच्या निनावी लेखकानं ती त्याच्याच तोंडून एकापेक्षा जास्त वेळा ऐकली असावी असं दिसतं.

लक्षात आलं का? रेन्झो तोंडी सांगतो. निनावी लेखक ते ऐकून आपल्या अलंकारिक शैलीत लिहून काढतो. दोनशे वर्षांनी एक मिलानी सद्गृहस्थ ते वाचतो, कुरकुरतो, भाषा बदलतो आणि आपल्यापुढे ठेवतो. म्हणजे ही अख्खी कादंबरीच सत्ताविसाव्या प्रकरणातल्या पत्रासारखी आहे. एका अर्ध्यानिरक्षर माणसाचा निरोप, लिहून देणाऱ्याच्या हातून गेलेला, वाचून दाखवणाऱ्याच्या तोंडून आलेला. मान्झोनीनं सापडलेलं हस्तलिखित वापरलं ते सेर्व्हान्तेसची नक्कल म्हणून नव्हे. गरिबाची गोष्ट शिकलेल्या माणसानं सांगायची झाली तर ती पत्रासारखी बिघडण्याचा धोका असतोच. तो धोका लपवायचा नाही, आपला हात कागदावर दिसू द्यायचा, यासाठी त्याला ते हस्तलिखित हवं होतं.

एकदा हे धरलं की या कादंबरीतले वाङ्मयीन पडसाद वेगळे ऐकू येतात. अभ्यासकांनी त्यांच्या याद्या केल्या आहेत : व्हर्जिल, दान्ते, बोकाच्चो, शेक्सपिअर, बोस्स्युए, दिद्रो. पण ही सगळी त्या 'दोन अक्षरं जास्त शिकलेल्या' माणसाची भर आहे, रेन्झो-लुचीयाची नव्हे. मान्झोनीला ते पक्कं ठाऊक आहे. म्हणून तो या पडसादांचा वापर फार सांभाळून करतो, आणि ज्याच्या त्याच्या लायकीप्रमाणे.

डॉन अब्बोंदियोसारख्यांसाठी तो थट्टेचा सूर लावतो. दुसरं प्रकरण सुरू होतं ते प्रिन्स द कोंदेपासून : रोक्र्वाच्या लढाईच्या आदल्या रात्री हा सेनापती गाढ झोपला होता. हा किस्सा बोस्स्युएनं कोंदेच्या अंत्यभाषणात गाजवलेला. निवेदक म्हणतो, कोंदे खूप थकलेला होता, आणि सकाळी काय करायचं ते त्याचं ठरलेलंही होतं. डॉन अब्बोंदियोचं तसं काही ठरलेलं नव्हतं, त्यामुळे त्याची रात्र तळमळत गेली. फ्रेंच वक्तृत्वाचा सगळा दिमाख एका भेदरलेल्या पाद्र्याच्या अंथरुणावर उतरवलाय. आठव्या प्रकरणाच्या आरंभी हाच पाद्री आरामखुर्चीत पुस्तक वाचत असतो. त्यात कार्नेआदेस या ग्रीक तत्त्वज्ञाचं नाव येतं आणि तो अडतो, हा बुवा कोण? लॅटिन फेकून गरिबाला गप्प करणाऱ्याचं ज्ञान इथं संपतं. इटालियन भाषेत आजही अगदी अपरिचित माणसाला 'कार्नेआदे' म्हणतात, ते इथून.

मोन्झाच्या जोगिणीची गोष्ट वेगळी. जेर्त्रूदे ही बड्या घरची मुलगी. इस्टेट फुटू नये म्हणून बापानं तिला लहानपणापासून मठाकडे ढकललेलं आहे. दिद्रोच्या 'ला रलिझ्यूझ'ची आठवण इथं सगळ्यांनाच येते, आणि ती बरोबर आहे. मठाशेजारी राहणारा एजिदियो हा बदफैली तरुण एक दिवस खिडकीतून तिच्याशी बोलायचं धाडस करतो. पहिल्या खर्ड्यात पुढचं सगळं, संबंध, खून, पानंच्या पानं लिहिलेलं होतं. अखेरच्या आवृत्तीत ते जवळजवळ सगळं गेलं. त्या क्षणापुरते उरले तीन शब्द. तिची कीव करायची, आणि तिनं उत्तर दिलं एवढंच सांगून थांबायचं. मला तिथं दान्तेच्या नरकातली फ्रांचेस्का ऐकू येते. तीही पुस्तक मिटलं त्या क्षणापाशीच बोलायची थांबते. ही केवळ माझ्या कानाची खोड नाही, पुष्कळांना ते ऐकू आलं आहे. महत्त्वाचं हे, की इथं शिकलेला माणूस आपलं शिकलेपण वापरतो ते गप्प बसण्यासाठी.

आणि मग चौतिसावं प्रकरण. प्लेगच्या मिलानमध्ये रेन्झो लुचीयाला शोधत फिरतो आहे. प्रेतं गोळा करणाऱ्यांची गाडी उभी आहे. एका घरातून एक आई बाहेर येते. कडेवर नऊएक वर्षांची मेलेली मुलगी, चेचीलिया. केस विंचरलेले, पांढरे स्वच्छ कपडे, जणू सणाला निघालेली. आई तिला कुणाला हात लावू देत नाही, स्वतः गाडीत ठेवते, पैसे देते, आणि सांगते, संध्याकाळी परत या, मला न्यायला, आणि मला एकटीलाच नाही. मग ती वर जाते आणि खिडकीत दुसऱ्या, अजून जिवंत असलेल्या मुलीला घेऊन उभी राहते. हा प्रसंग मान्झोनीला मिळाला तो कार्डिनल फेदेरीगो बोर्रोमेओनं प्लेगवर लिहिलेल्या लॅटिन टिपणात, काही ओळींत. शेवटी निवेदक एकच उपमा देतो. गवत कापणारं पातं फिरतं तेव्हा उमललेलं फूल कळीसकट पडतं, ती. ही उपमा व्हर्जिलची, 'ईनीड'च्या नवव्या सर्गात कोवळा योद्धा युरिआलस मरतो तिथली. तिच्यामागे होमर आहे. महाकाव्यात हे फूल योद्ध्यासाठी राखून ठेवलेलं. मान्झोनी ते एका अशा बाईला देतो जिचं नाव आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही. सगळ्या कादंबरीत उसन्या घेतलेल्या कवितेचा यापेक्षा योग्य खर्च मला दिसत नाही.

पण प्रामाणिकपणाची खरी जागा आठव्या प्रकरणाच्या शेवटी आहे. रात्रीची वेळ, होडी, सरोवर शांत. लुचीया गाव सोडून चालली आहे. डोंगरांचा, घरांचा, चर्चचा निरोप घेणारा तो उतारा इटलीत मुलं पाठ करतात. गद्य आहे, पण लय कवितेची. शेतकऱ्याच्या घरात वाढलेली ही मुलगी असं बोलेल का? नाही बोलणार. आणि उतारा संपताक्षणी निवेदकच म्हणतो, की लुचीयाचे विचार अगदी हेच नसतील, पण साधारण या जातीचे होते. बघा, केवढी मोठी कबुली आहे! सर्वांत सुंदर पान लिहायचं आणि खाली सही करायची, की शब्द माझे आहेत, दुःख तिचं. आजीचं पत्र लिहिताना मला हे सुचायला हवं होतं.

याच्या अगदी उलटं टोक म्हणजे डॉन फेर्रान्ते. त्याचं ग्रंथालय, जवळजवळ तीनशे पुस्तकांचं, येतं ते त्याच सत्ताविसाव्या प्रकरणात, त्या निरक्षरांच्या पत्रानंतर. हा योगायोग मानायला मी तयार नाही. ज्योतिष, अ‍ॅरिस्टॉटल, जादूटोणा, राजनीती, द्वंद्वयुद्धाचं शास्त्र, सगळ्यात पारंगत. डॉन किहोतेच्या ग्रंथालयाची ही धाकटी पाती. पुढे प्लेग येते तेव्हा हा गृहस्थ तर्कशास्त्रानं सिद्ध करतो, की संसर्ग हा ना द्रव्य ना गुण, म्हणून तो असूच शकत नाही. काळजी घेत नाही, आजारी पडतो, आणि ग्रहताऱ्यांना दोष देत नाटकातल्या नायकासारखा मरतो. निवेदक पुस्ती जोडतो, ते सुप्रसिद्ध ग्रंथालय बहुधा अजून रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगांत विखुरलेलं असेल.

हसू येतं खरं. पण एकतिसाव्या प्रकरणात हाच प्रकार सरकार करतं. आधी प्लेग नाहीच, शब्दसुद्धा काढायचा नाही. मग साथीचे ताप. मग प्लेगसारखं काहीतरी, पण खरी प्लेग नव्हे. मग प्लेग आहे, पण कुणीतरी विष फासून आणलेली. प्रत्येक पायरीवर शब्द बदलतो आणि माणसं मरत राहतात. अलीकडच्या साथीच्या काळात हे प्रकरण अनेकांनी पुन्हा उघडलं, यात नवल नाही.

त्या शेवटच्या शब्दानं, 'विष फासणं' या शब्दानं, खऱ्या माणसांचे जीव घेतले. 1840 च्या आवृत्तीला मान्झोनीनं एक पुरवणी जोडली, 'स्तोरिया देल्ला कोलोन्ना इन्फामे', 'कलंकस्तंभाचा इतिहास'. तिच्यात कल्पित काही नाही. जून 1630 मध्ये एका पावसाळी सकाळी कातेरीना रोझा नावाच्या बाईनं खिडकीतून एक माणूस भिंतीलगत जाताना पाहिला. त्याच्या हातात कागद होता, तो काहीतरी लिहिल्यासारखं करत होता, आणि मग हात भिंतीला पुसत होता. तो होता आरोग्यखात्याचा कर्मचारी गुल्येल्मो पियात्सा. बाईनं ठरवलं, हा विष फासतोय. मान्झोनी अगदी शांतपणे म्हणतो, की बोटांना लागलेली शाई तो पुसत असावा.

शाई! सगळी कादंबरीभर आपण कागद आणि लेखणीचं बोलतोय, आणि इथं एका माणसाचा जीव शाईच्या डागावरून जातो. छळ सोसल्यावर, माफीचं आश्वासन मिळालं तेव्हा पियात्सानं जानजाकोमो मोरा या न्हाव्याचं नाव घेतलं. मोराकडूनही कबुली काढली गेली. लेखनिकानं ती नीट उतरवून घेतली. लिहून घेणाऱ्यासमोर गरीब माणूस बोलतो आहे, पण वाक्यं त्याच्या तोंडात न्यायाधीशांनी घातलेली आहेत. अन्येझेच्या पत्राची ही शेवटची, भेसूर पायरी. दोघांनाही हाल करून मारलं. मोराचं घर पाडून तिथं स्तंभ उभारला, त्यावर लॅटिन मजकूर कोरला. हो, लॅटिनच. तो स्तंभ 1778 साली पडला. मजकुराची शिळा आज मिलानच्या स्फोर्त्सा किल्ल्यात आहे.

मान्झोनीचे आजोबा म्हणजे चेझारे बेक्कारिया, छळाविरुद्ध लिहिणारे. त्याच प्रकरणावर पिएत्रो व्हेर्रीनंही लिहिलं होतं आणि दोष छळाच्या प्रथेला दिला होता. नातू त्याच्याही पुढे गेला. प्रथा वाईट होती, काळ अडाणी होता, हे म्हणून न्यायाधीशांना सोडायला तो तयार नाही. तेव्हाच्या कायद्यानंसुद्धा त्यांना दिसू शकलं असतं, त्यांनी पाहिलं नाही. पुरवणी वाचून पुष्कळांची निराशा झाली. कादंबरीसारखं काही मिळेल अशी त्यांची अपेक्षा होती. पण मला वाटतं, पुरवणीशिवाय ही कादंबरी अर्धी आहे.

भाषेबद्दल एकच सांगतो. मान्झोनी घरी मिलानी बोली आणि फ्रेंच बोलायचा. 1827 ची आवृत्ती ग्रंथांतून गोळा केलेल्या इटालियनमध्ये होती. त्याच वर्षी तो फ्लॉरेन्सला गेला आणि तिथल्या जिवंत बोलीच्या आधारानं पुढे सगळं पुस्तक वाक्यावाक्यानं बदललं. मदतीला होती एमिलिया लूती नावाची फ्लॉरेन्सची एक शिक्षिका. तिला तो विचारायचा, हे तुमच्याकडे कसं म्हणतात? लिहिणारा पुन्हा बोलणाऱ्याकडे गेला, एवढं आज पुरे. हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.

(व्याख्यानानंतर दोन प्रश्न आले, त्यांची उत्तरं इथे जोडली आहेत.)

पहिला प्रश्न : इतिहासाची लांबच लांब प्रकरणं वगळून वाचलं तर चालेल का? गटेलाही ती तक्रार होती. कादंबरीची त्यानं मोठी स्तुती केली, पण युद्ध आणि प्लेगच्या वर्णनात इतिहासकार कवीवर कुरघोडी करतो असं त्याचं मत पडलं. माझं मत : पहिल्या वाचनात युद्धाचं वगळा, प्लेगचं वगळू नका. जाहीरनामे तर मोठ्यानं वाचा.

दुसरा प्रश्न जास्त नेमका होता : निवेदक एवढा कबुलीजबाब देतो, पण शेवटी बोलतो तोच ना? रेन्झो-लुचीयाला स्वतःचा शब्द कुठे मिळतो? शेवटच्या पानावर मिळतो, थोडासा. रेन्झो आता सुखवस्तू झाला आहे. आपण काय काय शिकलो ते तो मोजून सांगतो : दंग्यात शिरायचं नाही, जास्त प्यायचं नाही, वगैरे. लुचीयाला ते पटत नाही. ती विचारते, मी काय शिकायला हवं होतं? मी संकटाच्या मागे गेले नव्हते, संकटच माझ्याकडे आलं. रेन्झोला उत्तर सुचत नाही. मग दोघं मिळून एक निष्कर्ष काढतात, आणि निवेदक म्हणतो, की गरीब माणसांनी काढलेला असला तरी तो आम्हाला इतका बरोबर वाटला, की गोष्टीचं सार म्हणून इथं दिला. त्या 'असला तरी'मध्ये किती उपरोध आणि किती खरा दर्जाभेद, यावर अजून भांडण आहे.

आणि मुलांचं विचाराल, तर रेन्झोनं आपल्या सगळ्या मुलांना लिहायला-वाचायला शिकवलं. त्याचं म्हणणं होतं, ही लबाडी जगात आहेच, तर निदान आपल्या पोरांनाही तिचा फायदा मिळू दे.